न लावलेल्या झाडांची मोजदाद

पनामाच्या बारो कोलोराडो बेटावर अगूटी नावाचा एक प्राणी राहतो. आकाराने सशाएवढा, अंगाने घुशीसारखा, शेपूट म्हणावी तर जवळजवळ नाहीच. तिथल्या एका काटेरी ताडाची टणक बी तो तोंडात धरून नेतो, जमिनीत पुरतो आणि भुकेच्या महिन्यांत उकरून खातो. शास्त्रज्ञांनी अशा काही बियांना बारीक रेडिओ ट्रान्समीटर बांधले, पुरलेल्या जागांवर कॅमेरे रोखले आणि वाट पाहिली. पाहतात तर काय, पुरणारा एक आणि उकरणारा भलताच! एकाने पुरलेली बी दुसरा चोरतो, आपल्या हद्दीत नेऊन पुरतो. तिथून ती तिसरा पळवतो. त्यांतली एक बी तर ३६ वेळा पुरली गेली. तिची पायपीट भरली एकूण ७४९ मीटर, आणि अखेर ती निघाल्या जागेपासून २८० मीटरवर जाऊन पोहोचली.

हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ताडाची ही बी इतकी मोठी, की ती फळासकट गिळून दूर नेणारे प्राणी म्हणजे हत्तीचे लांबचे भाऊबंदच असावेत, असा तर्क होता. ते प्राणी तर सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच नामशेष झाले. मग हा ताड अजून जंगलभर पसरलेला कसा? या कोड्याचे एक उत्तर भुरट्या चोरांच्या त्या साखळीत सापडले.

जंगल पुन्हा उभे करण्याशी या चोऱ्यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध अगदी सरळ आहे. तिथे कोणी खड्डा खणला नाही, रोप आणले नाही, आळे केले नाही, फोटो काढला नाही. तरी एक झाड नव्या जागी रुजण्याची सोय झाली. उजाड जमिनीवर माणसाने लावलेले जंगल खरोखर जंगल होऊ लागले आहे की नाही, हे ओळखायचे तर तिथे अशी फुकटची लागवड सुरू झाली आहे का, हे पाहावे लागते. पुढील पानांचा विषय तोच आहे.

वृक्षारोपणाचा आपला नेहमीचा हिशेब निराळा असतो. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलै महिना आला की रोपांचे आकडे येऊ लागतात. महाराष्ट्रात २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठरले होते. त्यानंतर प्रश्न येतो तो ‘जगली किती?’ हा. रोपवनाच्या नोंदवहीत खड्ड्यांची संख्या, रोपांची संख्या, जिवंत रोपांची टक्केवारी, नांग्या भरल्याची तारीख, सगळे असते. या नोंदी निरुपयोगी मुळीच नाहीत. मजुराला पैसे द्यायचे तर खड्डे मोजावेच लागतात. पण या वहीतला प्रत्येक आकडा माणसाने काय केले ते सांगतो. जंगलाने स्वतः काय केले, यासाठी तिच्यात रकानाच नाही.

मग वरून पाहावे, तर उपग्रहाच्या चित्रात हिरवे ते सगळे हिरवेच दिसते. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांच्या छत्राची दाटी दहा टक्क्यांच्या वर असेल, तर ते वनाच्छादन. मग झाडे कोणत्या जातीची आणि जमीन कोणाच्या मालकीची, याला महत्त्व नाही. म्हणजे आंबोलीचे सदाहरित रान, निलगिरीचा मळा आणि कलमांची आमराई ही तिन्ही एकाच रंगात येऊ शकतात. गिरिपुष्पाची दाटी तर पावसाळ्यात इतकी हिरवीगार दिसते, की तिच्याखाली उभे राहिल्याशिवाय तिथली शांतता लक्षात येत नाही. मध्य अमेरिकेतून आलेल्या या झाडाच्या शेंगा उन्हात तडकून बिया दूर उडवतात. त्यासाठी पक्ष्याची गरज नाही, आणि पक्ष्यालाही तिथे खायला फळ मिळत नाही.

पावसाळी प्रदेशातल्या जंगलांचा व्यवहार याच्या अगदी उलट चालतो. तिथल्या झाडाझुडपांच्या सुमारे ७० ते ९० टक्के जाती बी पसरवण्यासाठी प्राण्यांवर अवलंबून असतात. झाडाने गर तयार करायचा, त्यात बी लपवायची आणि पाहुण्याची वाट पाहायची. बी दूर जाणे का गरजेचे, याचे एक स्पष्टीकरण १९७०–७१ च्या सुमारास डॅनियल जॅन्झन आणि जोसेफ कॉनेल यांनी स्वतंत्रपणे मांडले. मूळ झाडाच्या बुंध्याशी त्याच जातीवर जगणारे किडे आणि बुरशा आधीच मुक्काम ठोकून असतात. तिथेच पडलेल्या शेकडो बियांवर त्यांची धाड पडते. आईच्या सावलीत पोर वाढत नाही, ते या कारणाने. दूर गेलेल्या बीला निदान एक संधी मिळते.

बी दूर गेली की नाही, हे मोजायचे कसे? साधन अगदी साधे आहे. नळीची चौकट, तिला लावलेली बारीक जाळीची झोळी, आणि ती जमिनीपासून उचलून धरणारे खांब. झाला बी-सापळा. बारो कोलोराडोवर असे दोनशे सापळे, प्रत्येक अर्धा चौरस मीटरचा, १९८७ पासून मांडलेले आहेत आणि दर आठवड्याला ते रिकामे करून त्यातली प्रत्येक बी ओळखली जाते. जंगलावर सतत पडणाऱ्या या बियांना अभ्यासक ‘बियांचा पाऊस’ म्हणतात. पर्जन्यमापकात जसे पाणी साठते तशी इथे झोळीत बी साठते. फरक इतकाच, की पाणी मोजायला मिनिट लागते आणि इथे एका झोळीला पुष्कळ वेळ.

झोळी उलटी केली की आधी येतो तो पाचोळा, मग काड्या, मेलेले किडे, फुलांच्या सुकलेल्या पाकळ्या, पक्ष्याचे एखादे पीस. ते बाजूला सारून उरलेला चुरा चाळणीने चाळायचा, कागदावर वाळत घालायचा आणि चिमट्याने एकेक दाणा वेगळा करायचा. उंबर-पिंपळाच्या बिया खसखशीएवढ्या. त्या भिंगाशिवाय ओळखता येत नाहीत. काही बियांना गर तसाच चिकटलेला असतो. ही फळे वरच्या झाडावरून नुसती गळलेली, म्हणजे त्यांचा प्रवास शून्य. काही बिया मात्र धुऊन पुसून ठेवल्यासारख्या स्वच्छ असतात, आणि मान वर करून पाहिले तर त्या जातीचे झाड आसपास कुठेच नसते. अभ्यासकाचे डोळे चमकतात ते अशी बी हाती लागल्यावर. ती कोणाच्या तरी पोटातून किंवा चोचीतून आलेली असते, आणि जिथून आली ती जागा व हा सापळा यांच्यामध्ये कोणाची तरी ये-जा आहे, याचा तो पुरावा असतो.

ये-जा कोणाची, हे बीच सांगते. खसखशीएवढी बी बुलबुल, तांबट, वटवाघूळ कोणीही आणू शकते. वटवाघळे उडता उडता विष्ठा टाकतात, म्हणून त्यांनी आणलेल्या बिया उघड्या माळावरही पडतात; पक्षी बहुधा बसल्या जागेवरून टाकतात, म्हणून त्यांच्या बिया फांदीखाली साचतात. जांभळाएवढी बी आणायला मोठी चोच लागते. सह्याद्रीतल्या रानजायफळाची, काळ्या धुपाची बी गिळून पुन्हा बाहेर टाकणारी चोच असते ती धनेशाची, नाहीतर मोठ्या रानकबुतरांची. भेरली माडाची खाजरी फळे उदमांजर खाते आणि बियांची रास कातळावर ठेवून जाते; कोकणात सकाळी रानात जाणाऱ्याला ही रास ओळखीची असते. पठारावरच्या रानात बाहव्याच्या शेंगा अस्वल फोडून खाते. मुदुमलाईच्या जंगलात चितळ आवळे गिळतात आणि मग कुठेतरी सावलीत रवंथ करताना आवळ्याच्या बिया तोंडातून बाहेर टाकतात, हे कॅमेऱ्यांच्या मदतीने नोंदवले गेले आहे. आणि हे सगळे कळायला विद्यापीठच हवे असेही नाही. शेळ्यांच्या वाड्यात पडलेली बाभळीची बी इतर बियांपेक्षा चांगली उगवते, हे माळावरच्या धनगराला पूर्वीपासून ठाऊक आहे.

तेव्हा झोळीतल्या बियांचा आकार, त्यांच्या जाती आणि त्यांना आणणारे प्राणी यांची यादी केली, की त्या जागेची एक प्रकारची हजेरीच हाती येते. कोण येऊ लागले, कोण अजून येत नाही, कोण येणे बंद झाले, हे सारे त्या हजेरीत असते.

अशी हजेरी शंभर वर्षांवर पसरून पाहिली तर? बारो कोलोराडोच्या परिसरात ते शक्य झाले, कारण तिथे शेती-कुरणे वेगवेगळ्या काळी सोडून दिली गेली आणि जंगल आपणहून परतले. वीस वर्षांचे रान, चाळीस वर्षांचे, सत्तर, शंभर आणि कधीच न तोडलेले, अशी सगळी वये शेजारीशेजारी सापडतात. २०२३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या रानांतली झाडे ‘बी कोणी आणली असावी’ या निकषावर वाटून पाहिली गेली. अपेक्षा अशी, की आधी लहान पक्षी आणि वटवाघळे येतील, आणि जमिनीवरून फिरणाऱ्या, माकडांसारख्या फांद्यांवरून फिरणाऱ्या प्राण्यांची झाडे पुष्कळ उशिरा दिसू लागतील. प्रत्यक्षात न उडणाऱ्या सस्तन प्राण्यांनी पसरवलेली झाडे वीस वर्षांच्या रानातच वरचढ ठरली. आणि एकंदर वाटणी जुन्या जंगलासारखी व्हायला चाळीस ते सत्तर वर्षे पुरली.

ही बातमी चांगली आहे. तिच्या अटी मात्र विसरून चालणार नाही. त्या परिसरात जुने जंगल भरपूर शिल्लक होते आणि शिकार फारशी नव्हती. बी आहे, बी नेणारा आहे आणि त्याला कोणी गोळी घालत नाही, अशा तीन गोष्टी जुळल्यावरचा हा हिशेब. तोच आकडा उचलून जिथे चाळीस किलोमीटरच्या परिघात एकही जुने रान नाही, तिथल्या रोपवनाच्या प्रस्तावात घालणे म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीच्या पाण्यावर आपल्या उसाचा अंदाज बांधणे. पण असे प्रस्ताव लिहिले जातात, म्हणून हा इशारा.

जिथे परिस्थिती इतकी अनुकूल नसते, तिथे माणसाने किती करावे आणि किती सोडून द्यावे? या प्रश्नावर दक्षिण कोस्टारिकात कॅरन हॉल आणि राकान झहावी यांनी २००४ ते २००६ दरम्यान एक मोठा प्रयोग मांडला. जुन्या कुरणांवर पन्नास बाय पन्नास मीटरचे वाफे आखले. एका वाफ्यात सगळीकडे रोपे लावली, दुसऱ्यात फक्त लहान-मोठी बेटे केली, तिसरा तसाच सोडला. रोपे चारच जातींची, त्यांत आपल्या पांगाऱ्याची एक चुलत बहीण. बेटांच्या वाफ्याला पूर्ण लागवडीच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकीच रोपे लागली. पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हा नव्याने उगवलेल्या झाडांच्या बाबतीत बेटांचा वाफा पूर्ण लागवडीच्या तोडीस तोड होता, आणि दोन्ही वाफे मोकळ्या सोडलेल्या वाफ्याच्या कितीतरी पुढे. चार जाती लावल्या आणि बाकीच्या पाखरांनी आणल्या. मात्र अगदी चिमुकल्या बेटांकडे पक्षी कमी फिरकले. त्यांना बसायला, लपायला थोडी ऐसपैस जागा हवी होती. आणि हे सगळे झाल्यावरही मोठ्या बियांची, जुन्या जंगलातली झाडे मागेच राहिली. झोळ्यांत लहान बियांचा सडा पडत होता. मोठी बी क्वचितच सापडे.

याच देशात त्याआधी केलेला एक छोटा प्रयोग मराठी शेतकऱ्याला चटकन कळेल. हरभऱ्यात घाटेअळी पडली की कृषी खाते शेतात पक्षीथांबे लावायला सांगते. काठीला आडवी काठी बांधायची, त्यावर पक्षी बसतो आणि अळ्या टिपतो. कोस्टारिकाच्या कुरणात असेच थांबे उभारले. पक्षी बसले, थांब्याखाली बियाही भरपूर पडल्या. पण रोपे काही त्या मानाने वाढली नाहीत. दाट परदेशी गवतात बी गुदमरली, नाहीतर कोणीतरी खाल्ली. बी पोहोचणे आणि बी रुजणे या दोन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. झोळी पहिलीच पायरी मोजते, म्हणून झोळीशेजारी जमिनीवर एक चौकोन आखून त्यातली रोपटीही दरवर्षी मोजावी लागतात. नुसत्या झोळ्या मांडून अहवाल लिहिणाऱ्यांनी हा प्रयोग भिंतीवर लावून ठेवायला हरकत नाही.

रिओ द जानेरोतले तिजुका हे जंगल या विषयात पुन्हापुन्हा आठवते. आज शहराच्या मधोमध डोंगरावर पसरलेले ते रान पाहून कोणालाही वाटेल, की हे अनादि काळापासून असेच असणार. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र तिथे कॉफीचे मळे होते. डोंगर उघडा पडला, झरे आटले, राजधानीला पाणी पुरेना. तेव्हा दुसरा सम्राट पेद्रू याच्या सरकारने १८६१ मध्ये मेजर मानुएल गोमेस आर्शर याला जंगल लावण्याच्या कामावर नेमले, आणि पुढच्या वर्षी लागवड सुरू झाली. खड्डे खणले ते गुलाम मजुरांनी. बारा-तेरा वर्षांत आर्शरच्या देखरेखीखाली लावलेल्या रोपांची संख्या लाखाच्या घरात जाते. झाडे जगली, वाढली, छत्र जुळले, पाणी आले. रोपवनाच्या कोणत्याही नोंदवहीच्या हिशेबाने हे काम शंभर टक्के यशस्वी.

पण शहराने वेढलेल्या त्या रानात बी वाहून नेणारे मोठे प्राणी उरले नव्हते. शिकारीने आधीच संपवलेले, आणि चहूबाजूंनी इमारती असल्याने नवे येण्याची वाटच बंद. दीडशे वर्षांच्या जंगलात मोठ्या बियांची फळे पिकत, गळत आणि बुंध्याशीच कुजत. १९९२ मध्ये केंट रेडफर्ड या अभ्यासकाने अशा रानांसाठी ‘रिकामे जंगल’ हा शब्द वापरला होता. झाडे उभी, पण आत कोणी नाही. तिजुकात मग विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी वेगळ्याच प्रकारची लागवड सुरू केली. २०१० मध्ये त्यांनी तिथे अगूटी सोडले. पनामातल्या त्या चोराचेच हे ब्राझिली भावंड. २०१५ मध्ये हाउलर माकडे सोडली, आणि पुढे कासवेही. अगूटींनी लवकरच एका मोठ्या बियांच्या झाडाच्या बिया उचलून पुरायला सुरुवात केली. गंमत अशी, की त्या झाडाचे स्थानिक नाव अगूटीवरूनच पडलेले आहे, पण त्या रानात नावाचा धनीच कित्येक वर्षे गायब होता. माकडांच्या विष्ठेतल्या बिया शेणकिड्यांनी जमिनीखाली नेल्या. म्हणजे माकडाबरोबर किड्यांचाही रोजगार परत आला.

इथे प्रगतीचे मोजमाप झाडांच्या संख्येवर केले असते तर हे कामच सुचले नसते.

भारतात या दृष्टीने सगळ्यात धीराने चाललेले काम तमिळनाडूतल्या अनमलै डोंगरांत, वालपराईच्या पठारावर आहे. चहा-कॉफीच्या मळ्यांमध्ये पावसाळी जंगलाचे तुकडे विखुरलेले, त्यांत घाणेरी माजलेली. दिव्या मुदप्पा आणि टी. आर. शंकर रमण यांनी नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनतर्फे या तुकड्यांत २००० च्या सुमारास काम सुरू केले. घाणेरी उपटायची, रस्त्याकडेला पडलेल्या बिया गोळा करून रोपवाटिकेत स्थानिक जातींची रोपे करायची, आणि एकाच वाफ्यात अनेक जातींची मिश्र लागवड करायची. पुढे त्यांनी लावलेले तुकडे, तसेच सोडलेले तुकडे आणि जुने जंगल यांची तुलना झाली. २०१९ च्या अभ्यासात लावलेल्या तुकड्यांत झाडांची दाटी आणि जातींची संख्या तशाच सोडलेल्या तुकड्यांपेक्षा सरस निघाली. नंतरच्या एका अभ्यासात सदाहरित रानातले पक्षीही तिथे अधिक प्रमाणात परतल्याचे दिसले. मळ्यातल्या सावलीच्या झाडावर धनेश बसलेला दिसतो, तिथून तो उडून एखाद्या तुकड्यात शिरतो. त्या उड्डाणात बी असते. वालपराईच्या कामाचे मोल या लेखकाच्या मते त्या उड्डाणांत आहे, रोपांची एकूण संख्या त्यापुढे दुय्यम.

महाराष्ट्रात हे सारे नव्याने उभारायला लागत नाही, कारण बियांची कोठारे गावोगाव शिल्लक आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचे महत्त्व शास्त्रीय परिभाषेत प्रथम नीट मांडले गेले. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथे देवराईतल्या पाणथळ जागेत रानजायफळाचे बन आहे. एरवी अशी बने दक्षिणेकडे पाहायला मिळतात. रानजायफळ उकलले की काळसर बीवर लाल रंगाची जाळी दिसते, आणि त्या रंगावर धनेश व मोठी रानकबुतरे येतात. आता अशा देवराईपासून दोन-तीन किलोमीटरवर कोणी पडीक जमिनीत जंगल उभे करत असेल, तर त्याच्या यशाची एक खूण अगदी नेमकी सांगता येते: दहा-पंधरा वर्षांनी तिथे न लावलेले असे एखादे मोठ्या बीचे रोप उगवले का? उगवले असेल तर धनेश त्या वाटेने जातो, तिथे टेकतो, आणि त्याची ढोली असलेला जुना बेहडा किंवा सावर कुठेतरी अजून उभी आहे. एका रोपट्यावरून इतके कळते.

धनेश कोकणात खाजगी आणि देवस्थानच्या जमिनींवरच्या जुन्या झाडांत घरटे करतो. मादी ढोलीत स्वतःला चिणून घेते आणि नर तिला आठवडेच्या आठवडे फळे आणून भरवतो. त्यामुळे ढोलीखालची जमीन म्हणजे आयताच बी-सापळा होतो. उंबर, पायर, काजरा. काजऱ्याची बी जहरी, पण गर खाऊन बी जशीच्या तशी टाकून देण्याची हातोटी या पक्ष्याला साधली आहे. ढोलीखाली उगवलेल्या रोपांवरून त्या पंचक्रोशीतली कोणती झाडे अजून फळतात ते वाचता येते.

आपल्या राज्याची मानचिन्हे मात्र या कामात फारशी उपयोगाची नाहीत, ही एक मजेची बाब. राज्यपक्षी हरियाल उंबरावर तुटून पडतो खरा, पण त्याच्या पोटातली दगडी गिरणी बहुतेक बियांचे पीठ करते. राज्यप्राणी शेकरू बी कुरतडूनच खातो. राज्यफूल ताम्हण तर आपल्या पंखवाल्या बिया वाऱ्यावर सोडून देते, त्याला कोणाचीच मिनतवारी नाही. मग बी पसरवण्याचे श्रेय जाते बुलबुल, तांबट, कुटुर्गा, कावळा, उदमांजर, कोल्हा, वटवाघूळ अशा मंडळींकडे, ज्यांच्या नावाने कोणतीच पाटी लागत नाही. वाड्याच्या भिंतीत उगवलेला पिंपळ उपटताना शिव्या खाण्याचा मान तेवढा कावळ्याचा.

या मोजमापालाही पळवाटा आहेत. पाखरांना देशी-परदेशी कळत नाही. घाणेरीची काळी मणीदार फळे बुलबुल आवडीने खातो आणि जिथे बसतो तिथे घाणेरी पेरतो. कोकणात सामाजिक वनीकरणातून आलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आपल्या बीला पिवळ्या-केशरी देठाने लटकवते, ते पक्ष्यांना खुणावण्यासाठीच. म्हणजे झोळीत पक्ष्यांनी आणलेल्या बिया वाढल्या, एवढ्यावरून आनंदून चालत नाही. त्या कोणाच्या, हे पाहावेच लागते. शिवाय फळांचा हंगाम दरवर्षी सारखा नसतो. एखाद्या वर्षी जांभळे लदलदतात, पुढच्या वर्षी नाव घ्यायला नाहीत. एका पावसाळ्याच्या नोंदीवरून काढलेला निष्कर्ष पाच वर्षांत तोंडघशी पडतो.

आणि मुख्य म्हणजे हे माप सगळीकडे एकच नाही. विदर्भातल्या पानगळीच्या रानात साग, ऐन, सावर, सातवीण अशी वाऱ्यावर बी सोडणारी झाडे पुष्कळ; तिथे प्राण्यांनी आणलेल्या बिया कमी म्हणून रान नापास करणे चूक. सोलापूर-अहिल्यानगरकडचे माळरान तर मुळात झाडांचे नव्हेच. तिथे कुसळे कपड्यांना आणि मेंढीच्या लोकरीला चिकटून गवताचे बी फिरते, आणि माळढोक-धाविक यांच्या त्या घरात खड्डे खणून रोपे कोंबणे ही पुनर्स्थापना नव्हे, मोडतोड आहे. आधी त्या जागी काय होते हे ठरवायचे, शेजारचा एक चांगला नमुना निवडायचा, आणि त्याच्याशी ताडून पाहायचे. तुलनेला नमुना नसेल तर बियांचे आकडे नुसतेच आकडे राहतात.

खर्चाची भीती मात्र बाळगायला नको. भारताने २०३० पर्यंत २.६ कोटी हेक्टर ऱ्हास झालेली जमीन सावरण्याचे आश्वासन जगाला दिले आहे. त्यातल्या प्रत्येक हेक्टरावर शास्त्रज्ञ जाणार नाही. पण मच्छरदाणीच्या जाळीची झोळी गावातला शिंपी शिवून देतो, चार बांबू रानात मिळतात, आणि बी ओळखायला गावातली एखादी आजी सहसा वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या पुढे असते. करवंद, तोरण, अटक, भोकर, चारोळी यांच्या आठळ्या तिने लहानपणापासून थुंकलेल्या असतात.

तिच्यासमोर वर्तमानपत्रावर बिया पसरायच्या. लागवडीच्या यादीतल्या जाती एका बाजूला, यादीत नसलेल्या दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या बाजूच्या प्रत्येक बीपुढे वहीत तीन रकाने: नाव, जवळात जवळचे फळते झाड किती अंतरावर, आणि आणणारा कोण असावा. पहिल्या वर्षी तिसऱ्या रकान्यात बुलबुलाशिवाय काही लिहिता येत नाही, असा अनुभव बहुतेकांना येतो. मग कधीतरी चौथ्या-पाचव्या पावसाळ्यात झोळीच्या तळाशी सुपारीएवढी, गर साफ केलेली एक बी सापडते. आजी ती उजेडात फिरवून पाहते, नाव सांगते, आणि ते झाड आता फक्त नदीपलीकडच्या देवराईत उरले आहे, असेही सांगते.